उत्तेजकांची यादी आणि आमचे थोरले साडू

कायद्याला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, कायदा वाकवणारी त्याहून जास्त पाहिली. पण कायद्याला जीव लावलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच, आणि तो माझा थोरला साडू आहे. कायदा तरी कुठला? जमिनीचा नाही, घरभाड्याचा नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंनी कुठली उत्तेजक औषधं घेऊ नयेत, हे सांगणारा कायदा! बरं, स्वतः हा माणूस उभ्या जन्मात कधी धावलेला नाही. एकदा गल्लीतलं कुत्रं मागं लागलं तेव्हाही ते चालतच घरी आले. शेवटी कुत्रंच कंटाळून परत गेलं. अशा माणसाला दहा हजार मीटर धावणाऱ्यांच्या रक्तात आणि लघवीत काय असावं नि काय नसावं याची एवढी काळजी का, हा प्रश्न आम्हा सासुरवाडीच्या मंडळींना बरीच वर्षं पडला होता.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला साडूबुवा म्हणतात. मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचे. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागं त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, नातवंडं खेळवतात. दाजींनी ही यादी धरली. बंदी घातलेल्या औषधांची ही यादी दर वर्षी एक जानेवारीला नव्यानं लागू होते. त्या दिवशी सकाळी दाजी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून झेरॉक्सवाल्याकडे जातात, यादीची नि तिच्या नियमांची सगळी पानं छापून आणतात, त्यांना खाकी कव्हर घालतात आणि दुपारपर्यंत मागच्या वर्षीच्या यादीशी ओळ न् ओळ ताडून पाहतात. एका वर्षी माझ्या थोरल्या मेहुणीनं, म्हणजे दाजींच्या बायकोनं, आम्ही तिला आक्का म्हणतो, ते पुस्तक देवापाशी दिसलं म्हणून त्याला हळदीकुंकू वाहिलं. आम्हाला वाटलं, आता घरात भडका उडणार. दाजींनी कव्हरवरचं कुंकू नीट पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शोभतंय."

त्या यादीतली दीड-दीड वीत लांब नावं त्यांना तोंडपाठ. दाढी करता करता ती म्हणत असतात. एखाद्या नावाशी अडखळले तर साबण तोंडावर वाळला तरी चालेल, नाव आठवल्याशिवाय वस्तरा पुढं सरकत नाही. आणि जो भेटेल त्याला कायद्याचा गाभा समजावून सांगणं हा तर त्यांचा धर्मच. एकदा आमच्या भाचीच्या लग्नात जेवणाच्या रांगेत त्यांनी नवरदेवाच्या आत्याला गाठलं. "लक्षात घ्या, आत्याबाई. हितं चोरी कुणी केली, का केली, ह्ये आधी कुणी इचारत न्हाय. तुमच्या लघवीत औषध सापडलं? सापडलं. मग तुमीच जबाबदार. आईनं भरवलं असलं तरी तुमीच." आत्याबाईंनी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. त्यांना वाटलं, वधूपक्षानं जेवणात काही घातलंय.

या वेडाला खरं काम मिळालं ते अंबू आल्यावर. अंबिका मंगळवेढ्याकडची. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. कॉलेजसाठी सोलापुरात आली आणि दाजींच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला लागली. पोरगी अशी पळायची की बघणाऱ्याला आपणच उगाच जमिनीला चिकटून बसलोय असं वाटावं. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिली आली, तेव्हा कुणीतरी ओळखीच्यानं कौतुकानं तिला पांढऱ्या पावडरीची एक पिशवी दिली. ताकद येते म्हणे. दाजींनी ती पिशवी उलटसुलट करून पाहिली. लेबल नाही. कंपनीचं नाव नाही. त्यांनी ती सरळ मोरीत रिकामी केली आणि अंबूला समोर बसवून पुस्तक उघडलं. तो पहिला पाठ. पुढं तीन वर्षं तो रोज चालला.

काय सांगू त्या शिस्तीचं! अंबूच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी दाजींच्या भिंगाखालून जायची. खोकल्याचं औषध बंद, बाजारातलं चाटण बंद, मैत्रिणीच्या बाटलीतलं पाणी बंद. एका दिवाळीत ती आमच्याकडं फराळाला आली होती. दोन दिवसांवर शर्यत होती. माझ्या बायकोनं मोठ्या मायेनं तिच्या हातात अनारसा ठेवला, आणि तो तोंडापाशी जातोय तोच दाजी खुर्चीतून ओरडले, "बेडा! बेडा अंद्रे बेडा!" दाजी चिडले की कानडीत जातात. नको म्हणजे नको. अनारशाला खसखस असते, खसखशीचा माग लघवीत अफूसारखा लागू शकतो, शर्यतीच्या दिवशी अफूच्या जातीचं काही सापडलं की संपलं, हे त्यांनी आम्हाला सविस्तर समजावलं. आपल्या अनारशाला कुणीतरी अफूच्या ओळीला बसवतंय हे ऐकून माझी बायको जी स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. दाजींनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी ताटातले सगळे अनारसे एकट्यानं संपवले आणि आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मी काय पळणार न्हाय. मला चालतंय. झ्याक झालेत."

अंबूचं नाव राष्ट्रीय पातळीवर गेलं तसा आणखी एक नियम लागू झाला. अशा खेळाडूला रोजचा एक तास आधी कळवून ठेवावा लागतो. त्या तासात मी अमुक ठिकाणी असेन, कधीही या आणि तपासा. वर्षभरात तीनदा चुकलात, तर औषध न घेताही शिक्षा. अंबूनं सकाळचा साडेपाच ते साडेसहा हा तास दिला होता. त्या तासात दाजी दाराच्या पायरीवर बसायचे. दूधवाला आला तरी ओळखपत्र विचारायचे. दूधवाला पंधरा वर्षांचा ओळखीचा. तो बिचारा खिशात हात घालून काहीतरी दाखवल्यासारखं करायचा.

आणि एक दिवस खरेच आले ते तपासणीवाले. एक बाई आणि एक गृहस्थ, हातात पेटी. दाजींनी दोघांची ओळखपत्रं दोनदा वाचली, फोटो चेहऱ्याशी जुळवले आणि मगच उंबरा ओलांडू दिला. नमुना देण्यापासून बाटल्यांना सील लागेपर्यंत ते बाहेरच्या खोलीत ताठ उभे होते. बाईंनी सीलचा नंबर वाचला. दाजी म्हणाले, "परत वाचा." त्यांनी परत वाचला. "अंबू, तू वाच." अंबूनं वाचला. शेवटी त्या बाईंनी हसून विचारलं, "आपण यांचे कोण?"

दाजींनी क्षणभर विचार केला. वडील नाहीत, भाऊ नाहीत, प्रशिक्षक तर नाहीतच. "मी हिचा कायदा," ते म्हणाले.

आम्ही हा किस्सा पुढं कितीतरी दिवस हसत हसत सांगितला. पण खरं सांगायचं तर हसताना माझ्या मनात थोडा धाकच असायचा. एखादी गोष्ट इतक्या निष्ठेनं करायची म्हणजे माणसाला आतून काहीतरी ढकलत असलं पाहिजे, असं वाटायचं. ते काय होतं, हे मला आम्ही सोलापूरबाहेर हिप्परग्याच्या तलावाकडं गेलो त्या सकाळी कळलं.

आशियाई स्पर्धेसाठी निवड-शर्यत चार दिवसांवर आली होती. ती परराज्यात होणार होती आणि पहिल्या दोघींनाच पुढं जायला मिळणार होतं. अंबू सकाळी तलावाच्या बाजूला सराव करत होती. मी गाडी घेऊन तिच्या मागं हळूहळू, आणि शेजारी दाजी सीलबंद पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन. वाटेतल्या एका मोठ्या झाडावरचं आग्या मोहोळ कशानं उठलं, कुणास ठाऊक. आम्हाला आधी नुसता आवाज आला. मग अंबू दोन्ही हातांनी डोकं झाकून आमच्याकडं पळत येताना दिसली. तिला कशीबशी गाडीत ओढली, काचा वर केल्या. तोंडावर, मानेवर, हातांवर डंख. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, डोळे मिटत आले, आणि श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

तुळजापूर रस्त्यावर एक छोटा दवाखाना उघडा दिसला. डॉक्टर तरुण होते. तिला पाहताक्षणी त्यांनी काही विचारलं नाही, सुई भरायलाच घेतली. आणि ते टोचणार एवढ्यात अंबूनं त्यांचं मनगट धरलं.

"कसलं... हाय?" तिचा आवाज आत आत चालला होता. डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलं, त्याच्या पाठोपाठ दुसरं कुठलं देणार तेही सांगितलं. तिनं मान हलवली. "नको. यादीत हाय."

"कसली यादी?" डॉक्टर ओरडले. "घसा बंद होतोय हिचा! सोडा हात!"

सोडेना. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून ती दाजींकडं बघत होती. तीन वर्षं रोज ज्यांनी नको म्हणायला शिकवलं, त्यांच्याकडं. मी दाजींकडं पाहिलं. हा माणूस आता काय म्हणेल, याची मला खरोखर खात्री वाटेना.

दाजी खाटेपाशी गुडघ्यावर बसले. त्यांनी तिची बोटं एक एक करून डॉक्टरांच्या मनगटावरून सोडवायला घेतली. "अंबू, ऐक. कलम हाय. जीव धोक्यात असला तर आधी औषध, अर्ज मागनं. कायद्यातच लिवलंय." तिनं पुन्हा मान हलवली. तिला वाटलं, म्हातारा आपल्याला वाचवायला पहिल्यांदाच खोटं बोलतोय. दाजींचा आवाज फुटला. "आजवर तुला एक तरी कलम खोटं सांगितलं का मी? सांग की! एक तरी?"

तिनं हात सोडला. सुई गेली.

अर्ध्या तासात सूज उतरायला लागली. श्वास मोकळा झाला. अंबूचं पहिलं वाक्य होतं, "दाजी, खरंच हाय का वो ते कलम?" दाजींनी पिशवीतून पुस्तक काढलं, पान उघडलं आणि तिच्या उशाशी ठेवलं. मग बाहेर येऊन बाकड्यावर बसले.

"साडूबुवा," ते म्हणाले, "काय खाऊ नको, ते सगळं घोकून घेतलं पोरीकडनं. ह्ये एक कलम सांगायचं ऱ्हायलं. कशाला सांगायचं, हिला कुटं लागतंय, म्हणलं. आज ती माझ्यापायी गेली असती."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हातानंच थांबवलं. "तुमाला एक सांगतो. आक्कालाबी सांगितलं न्हाय. नोकरीत असताना बार्शीचा एक कबड्डीचा गडी खिडकीवर आला. राष्ट्रीय स्पर्धेला निघाला होता. नाक गळतंय, गोळी द्या म्हणला. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. ओळखीचा होता, दिली मी. तीच गोळी तपासणीत निघाली. दोन वर्षं बाहेर बसवला त्याला. तो आला होता माझ्याकडं. म्हणला, गोळी तुमी दिली एवढंच कागदावर लिहून द्या, माझी शिक्षा कमी हुईल. मी दिलं न्हाय लिहून. चिठ्ठीबिगर दिली म्हणून चौकशी लागंल, नोकरी जाईल, म्हणून भ्यालो. नोकरी सुटली तसा त्याच्यापायी ह्यो कायदा वाचाय घेतला."

इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही विनोद म्हणून सांगत आलो, त्याच्या शेजारी बसून मला आमच्या हसण्याची लाज वाटत होती.

पण दाजी फार वेळ बसून राहणारे नव्हेत. त्यांच्यातला कायदा उठला. आणीबाणीत औषध घेतलं असेल तर मागाहून परवानगीचा अर्ज करता येतो, पण पुरावा चोख लागतो. दाजींनी औषधाच्या फुटलेल्या कुप्या कचऱ्यातून वेचून घेतल्या, वेळ लिहून घेतली, अंगातून काढलेले मधमाश्यांचे काटे एका बाटलीत भरले. मग डॉक्टरांना कागद लिहायला बसवलं. "डॉक्टर, ह्यो तुमचा 'डी' मला 'ओ' वाटतोय. परदेशातल्या माणसानं काय समजायचं?" डॉक्टरांनी पुन्हा लिहिलं. "ही ओळ जरा सरळ घ्या." पुन्हा लिहिलं. चौथ्या कागदावर डॉक्टरांचं अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं झालं. ते स्वतःच त्याकडं कौतुकानं बघत राहिले. एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले! मला गाडी परत तलावावर न्यायला लावली, डोक्यावरून माझ्या गाडीतली चादर ओढली आणि त्या मोहोळाचा फोटो काढायला झाडाकडं चालत गेले. चालतच परत आले. माश्यांनीही त्यांना हात लावला नाही. दाजींनी त्यांनाही आधी ओळखपत्र विचारलं असावं.

अंबूला डॉक्टरांनी दोन दिवस निजवून ठेवलं आणि मग जाऊ दिलं. शर्यतीत ती तिसरी आली. पहिल्या दोघी गेल्या, हिचं जाणं हुकलं. शर्यतीनंतर पहिल्या तिघींचा नमुना घेतला. दाजींनी बजावल्याप्रमाणं अंबूनं फॉर्मवर त्या इंजेक्शनांची नावं स्वतःच्या हातानं लिहून दिली. दाजींनी अर्ज पाठवला. आता तो मंजूर झाला नाही, तर निवड तर गेलीच होती, नावही जाणार होतं. गावाकडं तिच्या वडिलांना एवढंच कळलं असतं, की पोरीनं औषध घेऊन पळण्याची लबाडी केली.

ते तीन आठवडे दाजी कुणाला कायदा सांगायला गेले नाहीत. लग्नांना गेले, जेवले, परत आले. आक्का मला हळूच म्हणाली, "ह्यांचं काय तरी बिघडलंय. दूधवाल्याला नुस्तं दूध मागितलं ह्यांनी."

मग एका दुपारी अंबूच्या फोनवर पत्र आलं. परवानगी मंजूर. दोष नाही. अंबूनं ते मोठ्यानं वाचलं, आक्कानं परत वाचायला लावलं, मग मी वाचलं. दाजींनी फोन हातात घेतला, वाचायचा प्रयत्न केला आणि मला परत दिला. चष्मा ओला झाला होता. अंबू त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते मागं सरकले. "माझ्या न्हाय," म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "साडूबुवा, उद्या गाडी मोकळी हाय का? बार्शीला जायचंय."

बार्शीच्या धान्यबाजारात तो गडी आम्हाला सापडला. आता चाळिशी ओलांडलेला, खांदे अजून दाराएवढे. एका अडतीवर काम करत होता. ज्वारीच्या पोत्यांच्या मधोमध उभं राहून दाजींनी त्याला सांगितलं, मी कोण, मी काय केलं, मी काय केलं नाही. एक शब्द गाळला नाही. आजूबाजूला लोक जात-येत होते. मला वाटलं, जरा बाजूला घ्यावं. पण दाजींना बाजूला जायचं नव्हतं.

तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "वळखलं मी तुमाला. आल्या आल्याच वळखलं. दोन वर्षं रोज वाट बघितली तुमची. आज येतील, कागद घिऊन येतील. मग सोडली."

"व्हय," दाजी म्हणाले.

"आता कशाला आलाय?"

"सांगायला."

तो दोन पावलं पुढं आला. मला वाटलं, आता हात उगारतो की काय. तसं झालं असतं तर दाजी हलले नसते, याची मला खात्री आहे. शेवटी त्यानं पायानं एक भरलेलं पोतं पुढं सरकवलं. "बसा," म्हणाला, आणि चहा सांगायला गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. दाजींनीही ते मागितलं नाही. चहा पिताना त्यानं एवढंच सांगितलं, की तो संध्याकाळी शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवतो. "त्यास्नी ह्ये औषधाबिवषधाचं कुणी सांगत न्हाय. मला सांगाय जमत न्हाय."

तेव्हापासून दर शनिवारी दाजी एसटीनं बार्शीला जातात. अंबूला रेल्वेत नोकरी लागली, ती आता दूरच्या गावी असते; वरच्या खोलीत दोन नर्सिंगच्या मुली राहतात आणि वाट्टेल ते खातात. बार्शीच्या मैदानावर दाजी मुलींना आधी ते आणीबाणीचं कलम सांगतात, बाकीची यादी नंतर. तो गडी लांब कुंपणापाशी उभा राहून ऐकतो. दोघं फारसं बोलत नाहीत. पण गेल्या शनिवारी शिकवून झाल्यावर तो दाजींबरोबर स्टँडपर्यंत चालत आला, आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. हे दाजींनी मला परवापासून चारदा सांगितलं आहे. दर वेळी अगदी सहज, दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीच्या मध्ये.